शाळेची घंटा कुणी चोरली

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तू बरी असशील, भाऊजींची कंबरही बरी असेल (नसली तरी आम्हाला कोण कळवणार? तू आईशी अबोला धरलायस). आईला डॉक्टरांनी घरी पाठवलंय. "आता घरीच बरं वाटेल," म्हणाले. कसल्या आवाजात म्हणाले, ते लिहिता येत नाही.

मी ट्रकवरची नोकरी सोडून आलोय (सोडून म्हणजे, ट्रक पुढे गेला आणि मी चहा पीत राहिलो, ते पुन्हा कधीतरी). आईचे डोळे थकले, म्हणून तिच्या त्या लाडक्या गावच्या हवालदाराच्या रहस्यकथा मीच मोठ्याने वाचतो. जोडाक्षर आलं की माझी गाडी रुतते आणि आई उशीवरून धक्का मारते. या खेपेस शाळेची घंटा चोरीला गेलीय, आणि हवालदाराची सायकल नेहमीसारखीच पंक्चर. परवा इंजेक्शनवाल्या सिस्टर सुई हातात धरून ऐकतच बसल्या. मध्येच ओरडल्या, "पोस्टमनच असणार!" आई म्हणाली, "बाई, आधी टोचा. पोस्टमन लंगडतोय, तो घंटेपर्यंत चढेल कसा?" कण्हत होती, पण मुद्दा सोडत नव्हती.

आता शेवटच्या प्रकरणाशी अडलंय. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे: तिघांनी समोरासमोर बसून आपापला चोर सांगितल्याशिवाय शेवटचं प्रकरण उघडायचं नाही. मी म्हटलं, "ताईला फोन लावतो, फोनवर सांगेल ती." तर म्हणे, "फोनवर चोर सांगतात का कुणी? आणि मी काही तिला बोलावत नाहीये हं. नियम म्हणजे नियम." मग भिंतीकडे तोंड करून पडली. जेवण दोन घासांवर आलंय. पुस्तक मात्र उशाशी, कुणाला हात लावू देत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा राग राहू दे, मिटव म्हणत नाही. फक्त मिळेल त्या गाडीने ये.

ता. क. आणखी एक. आई झोपली होती तेव्हा मी शेवटचं प्रकरण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचून काढलं. तिचा संशय शिंप्यावर आहे (हवालदाराच्या शर्टाचं माप घेताना तो एकदाही वर बघत नाही, म्हणते). चोर निघतो हेडमास्तर. इतक्या पुस्तकांत ती कधी चुकली नव्हती गं. मला वाचता वाचता नाव बदलणं जमणार नाही, माझा चेहराच सगळं सांगून टाकतो. तू लहानपणापासून न अडखळता थापा मारतेस. तूच वाच. शिंप्याला पकडून दे.