मामाचं घड्याळ मागे पडत नाही

तीर्थस्वरूप मामीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे हा नमस्कार उभ्यानेच केला आहे, पण तू तो साष्टांगच धर.) तुझा गुडघा कसा आहे? मामाचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि त्याला कारण तुझे यजमान व त्यांच्या मनगटावरचं ते स्टॉपवॉचवालं घड्याळ. हे पत्र मामाच्या हाती पडू नये म्हणून पाकिटावर 'विणकामाचे नमुने' असं लिहिलं आहे. विणकाम म्हटलं की तो खोलीतून उठून जातो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मामाने तुला काय सांगितलंय आणि काय गाळलंय याचा भरवसा नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गेल्या महिन्यात पोहण्याच्या क्लबात निवडचाचणी होती. एकतीस वर्षं तलावाच्या टोकाशी त्या उंच खुर्चीवर बसून मामा शर्यतींची वेळ घेतोय, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो उशिरा पोचला. बरोबर चार मिनिटं. चाळीस पोरं ओल्या अंगाने कुडकुडत उभी होती. क्लबच्या चिटणीसांना बऱ्याच दिवसांपासून तिथे विजेवर चालणारा फलक बसवायचा आहे, त्यांना आयतं निमित्त मिळालं. मामाने त्यांना सांगितलं की चूक माझी नाही, घड्याळाची आहे. (असं तो कधी म्हणेल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. तो माझ्या आईची चूक काढेल, सरकारची काढेल, पण घड्याळाची नाही.) त्यावर चिटणीस म्हणाले, मग घड्याळ तपासून दाखला आणा, नाहीतर वार्षिक स्पर्धेच्या आधी खुर्ची रिकामी करा. ती स्पर्धा येत्या रविवारी आहे. ती खुर्ची गेली तर मामा घरात बसेल, आणि घरात बसलेला मामा कसा असतो हे मी तुला काय सांगावं. पण मामी, खरं सांगायचं तर त्या खुर्चीशिवायचा मामा मलाही बघवला नसता, म्हणूनच तो दाखल्यासाठी घड्याळ घेऊन माझ्या ऑफिसात आला तेव्हा मी हो म्हणालो. इथेच मी फसलो.

आमच्या तपासणीच्या खोलीत घड्याळं दुरुस्त होत नाहीत. ती किती चुकतात एवढंच आम्ही सांगतो, आणि त्यासाठी लोक आमच्यावर चिडतात. पंधरा दिवस घड्याळ आमच्याकडे राहतं. रोज ठरलेल्या वेळी किल्ली द्यायची, ठरलेल्या वेळी मोठ्या प्रमाण घड्याळाशी ताडून बघायचं. काही दिवस तबकडी वर, काही दिवस खाली, काही दिवस घड्याळ कुशीवर, मग थंड पेटीत, मग गरम पेटीत, आणि एक अख्खा दिवस स्टॉपवॉच चालू ठेवून. दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे, एवढी सूट असते. त्याच्या पलीकडे गेलं की नापास. या पंधरा दिवसांत मामाने मला एकोणीस फोन केले. घड्याळ कुशीवर ठेवलंय म्हटल्यावर विचारलं, कोणत्या कुशीवर, कारण त्याला उजवीकडे झोपायची सवय आहे. (घड्याळाला की स्वतःला, ते मी विचारलं नाही.) थंड पेटीचं कळल्यावर विचारलं, त्याच्या अंगावर काही घातलंय का.

पंधराव्या दिवशी निकाल लागला. सरासरी दिवसाला बेचाळीस सेकंद मागे. मी तीनदा बेरीज केली. माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात त्यांना आम्ही 'दशांश' म्हणतो, कारण ते जेवायची वेळसुद्धा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत सांगतात. त्यांनीही बेरीज केली आणि बेचाळीसच्या पुढे आणखी दोन आकडे वाढवून दिले. मी जीव मुठीत धरून मामाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकतीस वर्षं रोज सकाळी रेडिओच्या सातच्या टोल्यांशी ते जुळतंय. तुमचं यंत्र तपासून घे." मग म्हणाला, पेट्याबिट्यांत ठेवून कुणाचंही बिघडेल, घरी ने, चार माणसांत ठेव, मग बघ. घरच्या तपासणीला दाखल्यात काडीची किंमत नाही हे मी त्याला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी घड्याळ घेऊन घरी आलो.

घरी थंड पेटी कुठली? फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात जागा केली. तर हिने संध्याकाळी अंडी आणली आणि घड्याळ काढून लोण्याच्या डब्यावर उपडं ठेवलं. म्हणजे तबकडी वरची खाली, नोंदवहीत खाडाखोड. मी जरा आवाज चढवला, तर हिने विचारलं की या घरात अंडी कुठे ठेवायची ते एकदा लिहून द्या, खाली सही करा. तेव्हापासून आम्ही चिठ्ठ्यांवर बोलतो. शेवटी फ्रिजचा नाद सोडला आणि घड्याळ स्वयंपाकघरातल्या फळीवर, रेडिओशेजारी ठेवलं. रोज सकाळी सव्वासातला चहा घेता घेता, कामावरच्या प्रमाण घड्याळाशी जुळवून आणलेल्या माझ्या घड्याळाशी ताडून बघायचं ठरवलं.

आणि मामी, पहिल्या दिवशी चूक शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी मी चष्मा पुसून बघितलं, शून्य. अगं, किल्लीचं घड्याळ शून्य दाखवत नाही. नवंकोरं, मखमलीच्या पेटीतलं घड्याळसुद्धा एखादा सेकंद इकडे तिकडे जातंच. हे तर जुनं, आतलं तेल सुकलेलं, आणि आमच्या यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे दिवसाला बेचाळीस सेकंद खाणारं. मी ही नोंद कामावर दाखवली तर दशांशांनी वही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अत्यंत आपुलकीने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. चौथ्या दिवशी मी आमच्या प्रमाण घड्याळावरच शंका घेतली. बारा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी पाणी प्यायला म्हणून मी सातच्या आधीच स्वयंपाकघरात गेलो. आई फळीपाशी उभी. एका हातात मामाचं घड्याळ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्याची किल्ली बाहेर ओढलेली, कान रेडिओकडे. (किल्ली ओढली की त्याचा सेकंदकाटा आपोआप बारावर येऊन थांबतो.) शेवटचा टोला पडला आणि तिने किल्ली अशी टिचकन आत दाबली की आमच्या खोलीत कुणाला जमणार नाही. मी काय करतेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काय करते म्हणजे? माझ्या भावाचं घड्याळ मागे पडू देऊ?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तर ती उलट मलाच समजवायला लागली. म्हणे यात लपवण्यासारखं काय आहे, तुझ्या मामीलाही मीच शिकवलं. घड्याळ आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते मागे पडलं आणि मामा दोन दिवस जेवला नाही, तेव्हा तिने तुला सांगितलं की तो आंघोळीला गेला की काटे लावून ठेवत जा, त्याला कळायचंही नाही. आणि तू एकतीस वर्षं, सणसणीत ताप असतानासुद्धा, रोज ते केलंस. मामी, तुला काय म्हणावं? तुमच्या दोघींच्या या प्रेमापायी माझी नोंदवही गेली, बायको चिठ्ठ्यांवर गेली, आणि दशांश मला रोज सकाळी तब्येत विचारतात. एकीने जरी आधी तोंड उघडलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. बरं, एवढं करून त्या चार मिनिटांचा उलगडा होतच नाही. तू रोज लावतेस म्हटल्यावर घड्याळ फार तर बेचाळीस सेकंद मागे पडेल. चार मिनिटं कशी? आणि तीही मोजून बरोबर चार, वर एक सेकंद नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

असो. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं की यातलं मामाला काही कळू देऊ नकोस. आपलं घड्याळ एकतीस वर्षं बायको चालवत होती हे कळलं तर त्याचं मन मोडेल. लहानांना आशीर्वाद, शेजारच्या काकूंना नमस्कार.

तुझा वैतागलेला भाचा

ता. क. दाखल्याचं काम झालं आहे, काळजी नसावी. पंधरा दिवसांच्या परीक्षेत घड्याळ नापास, हे मी लिहिलंच आहे, कारण खोटं लिहिणं मला जमत नाही. पण त्याखाली हेही खरंच लिहिलं आहे की दोन मिनिटांच्या शर्यतीत त्याची चूक सेकंदाच्या सतराव्या हिश्श्याएवढी होते, आणि त्याच्या तबकडीवरची सगळ्यात बारीक रेघ एक पंचमांश सेकंदाची आहे. म्हणजे शर्यतीपुरती त्या घड्याळाची चूक कोणाच्या बापाला दिसणार नाही. चिटणीसांना मी स्वतः जाऊन आकडे समजावले. रविवारी खुर्ची मामाचीच.

आणखी ता. क. हा मजकूर बोटभर अक्षरात का लिहिला आहे ते खाली येईल. पाकीट बंद करणार एवढ्यात मामाचा विसावा फोन आला. मी त्याला सहज विचारलं की सुकलेलं तेल बदलून आणू का. तर म्हणाला, "अजिबात नाही. ते नीट चालायला लागलं तर ती सकाळी काय करेल?" मामी, त्याला दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. तू आम्हाला सांगत असतेस ना, याला आंघोळीला पंचवीस मिनिटं लागतात म्हणून? आंघोळ पाच मिनिटांत होते. उरलेला वेळ तो टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसून असतो, तू घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. थंडीतसुद्धा. तो खोकला तिथलाच आहे. त्या दिवशीची चार मिनिटंही त्याला क्लबात पोचल्या पोचल्या कळली होती. तुझ्या कानाने टोला अचूक पकडला, पण मिनिटकाटा तुला दिसला नाही. वर्षभर कमीजास्त असंच होतंय, वाटेत तो गुपचूप काटे नीट करतो, त्या दिवशी घाईत राहिलं. चिटणीसांपुढे तुझं नाव निघू नये म्हणून त्याने घड्याळाचं नाव पुढे केलं, आणि पुढचं सगळं माझ्या गळ्यात आलं. मंगळवारी सकाळी साडेदहाला तुझ्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मोतीबिंदू असेल तर काढून घे, पुढच्या वर्षी बघू म्हणू नकोस. मागची पानं तुला दिसली नसतील तर सोडून दे, त्यात नुसती माझी चिडचिड आहे.