वादळ संपल्याचे जाहीर करणेबाबत

प्रति,
मा. आपत्ती निवारण अधिकारी,
खाडीकिनारा विभाग कार्यालय,
कळवा, जि. ठाणे.

अर्जदार : श्रीमती हौसाबाई तानाजी शेवाळे, राहणार कळवा. तूर्त मुक्काम लेकीकडे, टिटवाळा.

विषय : मे महिन्यातील चक्रीवादळ संपले असल्याचे भोंग्यावरून जाहीर करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ‘चक्रीवादळ : कुटुंबांनी घ्यावयाची काळजी’ हे गुलाबी पत्रक, तसेच ते वाटत गल्लीत फिरलेली रिक्षा.

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई पंच्याहत्तरीच्या घरात असून त्यांना लिहिता-वाचता येते, परंतु सरकारी भाषा येत नाही. सबब हा अर्ज त्यांच्या लेकीचे शेजारी, निवृत्त कारकून श्री. सीताराम यांनी लिहून दिला आहे. बाईंनी अट घातली की त्या बोलतील त्यातला शब्द गाळायचा नाही. त्यामुळे भाषा जेथे घसरलेली दिसेल तेथे बाई स्वतः बोलत आहेत असे समजावे व लेखनिकास माफ करावे.

२. समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली तेव्हा बाई कळव्यात, खाडीजवळच्या चाळीतल्या स्वतःच्या घरी, थोरला मुलगा संदेश व सून योगिनी यांच्याबरोबर राहत होत्या. आपली रिक्षा भोंगा लावून आली व पत्रके देऊन गेली. संदेश हा छापील अक्षरावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे वाचून खरोखर रिकाम्या हाताने जाणारा अख्ख्या भावकीत तो एकटाच. त्याने पत्रक भिंतीला चिकटवले आणि वरपासून सुरुवात केली. ‘पाणी भरून ठेवावे’ म्हटल्यावर घरातले एकूण एक भांडे भरले, कुकरसुद्धा. मग डाळ शिजवायची कशात? सगळ्यांनी फरसाण खाल्ले. ‘विजेरी तयार ठेवावी’ म्हणून रिमोटचे सेल काढून विजेरीत घातले, आणि वादळ कुठवर आले ते टीव्हीवर बघायचे म्हणून विजेरीतले काढून पुन्हा रिमोटमध्ये घातले. ‘छपरावरील सुट्या वस्तू उतरवाव्यात’ म्हणून पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया खाली आणल्या. त्यानंतर कलम आले, ‘वृद्ध व्यक्तींना सर्वप्रथम सुरक्षित स्थळी हलवावे.’ बाईंचे म्हणणे असे की, “आधी कुरडया हलल्या, मग मी. ह्याला सर्वप्रथम म्हणतात का, तेवढं साहेबांना विचारा.”

३. बाईंना रिक्षात बसवून मुंब्रा, शिळफाटामार्गे डोंबिवलीला धाकट्या मुलाकडे, नयनकडे, हलवण्यात आले. तेथे चहा झाला. म्हणजे चहा समोर आला. एवढ्यात नयनच्या सोसायटीच्या ग्रुपवर तसेच एक पत्रक येऊन पडले. नयन अकराव्या मजल्यावर राहतो व त्याच्या घराला भिंतीपेक्षा काचा जास्त आहेत. त्याने प्रत्येक काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, आणि मग तेच कलम आले. “आई, अगं इथे फार रिस्क आहे. टिटवाळ्याला शकूताईकडे पहिला मजला आहे, तू तिकडेच बरी.” बाईंचा कप अर्धा राहिला. त्या नयनला रागावलेल्या नाहीत. चहात साखर नव्हतीच, असे त्यांनी नमूद करावयास सांगितले आहे.

४. याप्रमाणे बाई दुसऱ्या रिक्षातून टिटवाळ्याच्या रस्त्याला लागल्या आणि शहाडच्या पुलावर त्यांना वादळ भेटले. रिक्षाचा पडदा उडून गेला तो गेलाच. समोर एक होर्डिंग कागदासारखे फडफडत होते. रिक्षावाला गणपतीचे नाव घेऊ लागला. बाईंनी त्याला दम दिला की, “नाव मी घेते, तू हँडल धर.” मुलगा घरात, सून घरात, धाकटा घरात, लेक घरात. सगळे कोरडे, सगळे सुरक्षित. अख्ख्या शेवाळे कुटुंबात वादळात सापडलेली व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे जिला वादळापासून वाचवायचे होते ती. साहेब, हसू नका. हसला असाल तर हसा बापडे, बाई स्वतःही हसतात, पण त्या पुलावर त्यांनी कुलदैवताला ‘येते’ म्हणून सांगून ठेवले होते.

५. टिटवाळ्यास जावईबापूंच्या हातातही एक पत्रक होतेच. परंतु टिटवाळ्याच्या पुढे कसारा, आणि कसाऱ्याला आमचे कोणी नाही. म्हणून बाई टिटवाळ्यात राहिल्या.

६. शहाडच्या पुलावर बाईंना गाठले ते वादळाचे नुसते टोक, बाकीचे वादळ वाटेतच दुसरीकडे वळले. कळव्यात एक पत्रा हलला नाही, नयनची एक काच तडकली नाही. नंतर सगळा पावसाळा होऊन गेला, गणपती आले नि गेले, आता उद्या घट बसतील. परंतु आपल्या पत्रकाच्या शेवटी ओळ आहे, ‘अधिकृत सूचना मिळेपर्यंत स्थलांतरित व्यक्तींनी घरी परतू नये.’ वादळ येणार म्हणून आपली रिक्षा गल्लीत बोंबलत दोनदा फिरली. वादळ गेले म्हणून एकदाही फिरली नाही. शकूने मध्यंतरी विषय काढून पाहिला, तर संदेश फोनवर म्हणाला, “अगं, अजून सूचना कुठे आलीय? उगाच रिस्क कशाला? आई तिथे मजेत आहे ना.”

७. येथे लेखनिकाने बाईंना विचारले की, टिटवाळ्याहून कळवा काही परदेश नव्हे, आपण स्वतः का जात नाही? त्यावर बाईंनी लेखनिकाची अक्कल काढली. त्यांचे म्हणणे असे : आमच्या पाटणकडे सासुरवाशीण माहेरी यायची ती भाऊ मुराळी होऊन न्यायला आला तर. न बोलावता, न आणता, गाठोडं घेऊन दारात उभी राहिली की गाव विचारायचं, काय गं, काय झालं? बाईंना पाठवण्यात आले आहे. पाठवलेल्या माणसाला न्यायला यावे लागते. आपल्या पायांनी परत गेले तर पाठवले नव्हते, घालवले होते, असा अर्थ होतो. आणि तो अर्थ बाईंना ऐकायचा नाही.

८. संदेश दर रविवारी फोन करतो व “आई, बरी आहेस ना?” विचारतो. बाई म्हणतात, “मजेत आहे रे, माझी काळजी करू नका.” हे त्यांनी दर वेळी सांगितले आहे, ही गोष्ट अर्जात लपवायची नाही असे त्यांनी बजावले. परंतु असे सांगायचे असते, साहेब. ऐकणाऱ्याने ते खरे मानायचे नसते. पूर्वी पोरांना एवढे कळत होते. दुसरीकडे शकू आईला “जा” म्हणू शकत नाही, कारण आईला जा म्हणणारी लेक कोणी पाहिली आहे? जावईबापू सोफ्यावर झोपतात व उठताना कंबर धरतात. काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

९. मध्यंतरी योगिनीने प्रामाणिकपणे कळवले की, बाईंची खाट जिथे होती तिथे संदेशने वादळाचे सामान लावून ठेवले आहे. पाण्याचे ड्रम, दोरखंड, बॅटऱ्या, बिस्किटांची खोकी. पुढच्या वादळाची तयारी म्हणे. खाट उभी करून भिंतीला टेकवली आहे. योगिनी वाईट नाही. ती म्हणाली, “आई, मी ह्यांना बोलले, पण हे ऐकतच नाहीत.” त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. पोट बिघडलेय असे शकूला सांगितले.

१०. सबब आपल्या पत्रकात पुढील सुधारणा व्हाव्यात अशी सूचना आहे. वृद्ध व्यक्तीला हलवण्यापूर्वी जिथे हलवायचे तिथे फोन करून विचारावे की, तुम्ही हिला पुढे पाठवणार आहात काय. माणूस आणि त्याचे कागद एका पिशवीत ठेवावेत. बाईंचे आधार कार्ड व प्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी संदेशने प्लास्टिकमध्ये गुंडाळून कळव्याच्या माळ्यावर सुरक्षित ठेवली आहे, आणि बाई इकडे मेडिकलवाल्याच्या हातापाया पडतात. पाणी भरताना कुकर सोडावा. म्हाताऱ्या माणसाला वादळाची भीती नसते, त्याने खूप पाहिलेली असतात. त्याला विचारावे तरी, येतेस की राहतेस म्हणून. आणि ‘हलवावे’ असे छापलेल्या ओळीखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘वादळ गेल्यावर परत आणावे’ असे छापावे. छापलेले नसले की संदेश करीत नाही.

११. बाई दर नवरात्रात चाळीतल्या बायकांबरोबर ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जातात. चाळीत राहायला आल्यापासून एक वर्ष चुकलेले नाही. यंदा त्यांच्यात कोण कोण जाणार याची जुळवाजुळव सुरू झाली आहे व बाईंना कोणी विचारलेले नाही, कारण बाई टिटवाळ्याला ‘मजेत’ आहेत. तरी आपणांस विनंती की, आपली रिक्षा एकदा आमच्या गल्लीतून फिरवावी. सकाळी नको, संदेश कामावर असतो. दिवेलागणीला फिरवावी. भोंग्यावरून एवढेच सांगावे की, वादळ संपले आहे, ज्यांनी आपली माणसे बाहेर पाठवली असतील त्यांनी ती घरी आणावीत. नाव मुळीच घेऊ नये. शेजारीपाजारी गॅलरीत उभे असतात आणि संदेशला मान खाली घालावी लागेल. तो मनाने वाईट नाही. त्याला कोणीतरी सांगायला हवे, एवढेच, आणि ते बाई स्वतः सांगू शकत नाहीत.

१२. केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारास कळवण्याचा आपल्याकडे नियम आहे, असे लेखनिक सांगतात. त्याबाबत बाईंची एक विनंती आहे. रिक्षा फिरली, संदेशने ऐकले, आणि तरीही तो न्यायला आला नाही, तर तसे कळवू नये. ‘रिक्षा उपलब्ध होऊ शकली नाही’ असे कळवावे.

कळावे, आपली नम्र व अजून स्थलांतरित,

हौसाबाई तानाजी शेवाळे
(सही स्वतःची)

टिटवाळा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी