मार्जरीनचा नाताळ

नेस, २ डिसेंबर १९५६

चि. सौ. आस्त्री हिस,
तोरगुनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाँचवाल्याकडून कळलं, की तुमच्या काठावरच्या गृहिणी मंडळात येत्या शनिवारी तू 'कमी खर्चातला सोपा नाताळ' करून दाखवणार आहेस. ऐकून मी शेगडीत लाकूड सरकवायचं विसरले. नाताळ, आणि म्हणे सोपा! आमच्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर ती लाटणं घेऊन खाडी ओलांडून आली असती. तिचे नाताळच्या फराळाचे सातही प्रकार वेळेआधी भाजून, तळून, डब्यांत बसून माळ्यावर गेलेले असायचे, आणि त्यांतल्या एकालाही बटाटा कधी शिवला नाही.

तू म्हणे उकडलेले बटाटे पिठात मळायला सांगणार. मंडळातल्या बायका माना डोलावतील, स्वस्त म्हटलं की सगळ्यांना शहाणपण वाटतं. आणि ती 'गरीब माणूस' नावाची तळलेली बिस्किटं तू एका अंड्यात आणि आंबट दुधात उरकतेस, असंही ऐकलं. अगं, नाव गरिबाचं असलं तरी त्याला ढीगभर बलक आणि घट्ट साय लागते. तळणाऱ्याला गरीब करून सोडतं म्हणून ते नाव पडलं, असं बाबा म्हणायचे. तुझ्या तळणीला आता 'भिकारी' म्हणायला हरकत नाही.

हाल्वर बरा आहे ना? वर्षभरात त्याची होडी या काठाला लागली नाही. बहिणीकडे यायला सवड नसेल तर नसेल. माझं काही अडत नाही, लाकडं फोडायला माणूस मिळतो.

मुलांना पापे. लोभ आहेच, पण तो लोण्यातला आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
तोरगुन

*

विकेन, ६ डिसेंबर १९५६

ती. तोरगुनवन्सं यांस,
आस्त्रीचा सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा चुलीवर बटाटे उकडत होते. त्यांना तुमचं म्हणणं वाचून दाखवलं. लाजले वगैरे नाहीत, निमूट शिजले.

सासूबाईंबद्दल मला आदरच आहे, पण त्यांच्या गोठ्यात चार गाई होत्या. आमच्याकडे एक आहे, तीही उन्हाळ्यात आटली. गारांनी सफरचंदांना डाग पडले ते तुम्हाला ठाऊकच असेल. डागाळलेली पेटी व्यापारी उचलत नाही, त्यामुळे यंदा बागेचा मुरांबाच झाला. पोरांना बूट घेतले आणि जे उरलं त्यात लोण्याऐवजी मार्जरीन आलं. तुमचं दुकान होतं, लोण्याचा डबा हाताशी होता. तिथं बसून आमच्या पिठाची चौकशी करणं सोपं आहे. तेवढा सोपेपणा मला नाताळात हवा आहे.

हाल्वरचं विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या नाताळच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी बशी पुढे केली. तुम्ही तोंडावर रुमाल धरून म्हणालात की आत्ताच जेवून आले, कोट चढवलात आणि लाँच गाठलीत. कॉफीचा घोटसुद्धा नाही. नाताळात आलेला पाहुणा काही न खाता गेला, तर घरातला नाताळ तो बाहेर घेऊन जातो, हे मला तुमच्याच आईंनी शिकवलं होतं. मी माहेरची शहरातली, मला हे काय माहीत! गारा पडल्या तेव्हा हाल्वर म्हणाला, नेला तिनं. गाय आटली तेव्हा परत तेच. मी त्याला विचारलं, कोणी बिस्किट खाल्लं की नाही हे गारांना कुठून कळणार? तर म्हणाला, गारांना नसेल कळत, मला कळतं.

तेव्हा या वेळी तिसऱ्या दिवशी या. बशी तीच असेल, माणसंही तीच. नाक मुरडत खा, आमच्या फराळाला नावं ठेवत खा, पण खाऊन जा. 

लोभ किती आहे ते तुम्ही ठरवा, मी मापून देत नाही.

आपली,
आस्त्री

*

नेस, १२ डिसेंबर १९५६

चि. सौ. आस्त्री हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे मी चोर. तुमचा अख्खा नाताळ माझ्या कोटाच्या खिशात मावला, तर कोट बराच ऐसपैस असला पाहिजे. आणि आभाळातून गारा पडल्या तरी खापर बहिणीवर! लहानपणी हा होडीतून पाण्यात पडला तेव्हाही मीच ढकललं असं आईला सांगत होता. तेव्हा मी घरात केर काढत होते.

आता तुझ्या बशीचं बोलू. ती काकवीची पातळ बिस्किटं म्हणजे छपरावरच्या पाट्या आहेत. त्या दिवशी तुझ्या धाकटीच्या हातून एक पडलं, तर ते फुटलं नाही, फळी वाजली. मधोमध अर्ध्या बदामाचा अर्धा तुकडा, तोही नुसता दाखवायला. असलं काही माणसानं चावायचं कसं, आणि तेही सगळ्यांचे डोळे आपल्या तोंडाकडे लागलेले असताना? वर पीठ फुगवायचा खार इतका, की दार उघडलं तेव्हाच डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं म्हणे, आणि तुझ्या बटाट्याच्या पोळीचा, त्या लेफ्सेचा, शेवटचा तुकडा मिळावा म्हणून पाद्रीणबाईंनी मानपान सोडला. पाद्रीणबाईंना चव कधीच नव्हती. त्या उकडलेल्या माशावर साखर घालतात.

येईन असं लिहीत नाही. हवा कशी असेल, लाँच सुटेल का, गुडघे काय म्हणतील, कोणी सांगावं! आलेच तर कॉफी भरपूर आणि कढत ठेव. तुमच्याकडे ती कोमट असते.

लोभ राहू दे, पण त्याला तो खार लावू नकोस.

तुझी,
तोरगुन

*

विकेन, १८ डिसेंबर १९५६

ती. तोरगुनवन्सं यांस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, ओव्हनमध्ये काहीतरी आहे.

सात प्रकार होणार नाहीत. काकवीची बिस्किटं, ओटच्या वड्या, 'भिकारी' (हे नाव आता घरात रूढ झालं, पोरं तेच मागतात), लेफ्से, आणि शिळ्या पावाचा चुरा साखरेत परतून सफरचंदाच्या मुरांब्यावर थर देऊन केलेला केक. सगळं मार्जरीनमध्ये. ज्याला लोणी हवं त्यानं गाय घेऊन यावी.

एक गोष्ट तुम्हाला आधीच कळलेली बरी. आमच्या भिंतीवर तुमच्या आईचा निळ्या काठाचा कप खुंटीला असतो. तुम्ही आलात की त्यातूनच कॉफी पिता, दुसऱ्या कोणाला आम्ही त्याला हात लावू देत नाही. काल हाल्वर म्हणाला, यंदाही ती उपाशी गेली किंवा आलीच नाही, तर हा कप तिच्या घरी पोचवायचा, या घरात तिचं काही ठेवायचं नाही. मी म्हटलं, अहो, कपानं काय केलंय? तुम्हाला त्याचं बोलणं ठाऊक आहे, पण त्याचं गप्प राहणं तुम्ही या वर्षी पाहिलेलं नाही.

तुम्हाला आमची बिस्किटं खाली पडताना वाजलेली आठवतात. मला तुमचं दार लावणं आठवतं.

तिसऱ्या दिवशी वाट पाहू.

आपली,
आस्त्री

*

विकेन, २९ डिसेंबर १९५६

प्रिय मार्गितताई,
सा. न. वि. वि.

तू शहरातून पाठवलेला लोकरीचा सदरा तुझ्या धाकट्या भाचीला नेमका बसला. इकडची हकिकत लिहायला सवड आत्ता मिळाली, कारण आज घर शांत आहे. खरोखर शांत आहे, वर्षभर होतं तसं नाही.

माझ्या वन्सं, म्हणजे हाल्वरची थोरली बहीण तोरगुन, तुला आठवतीलच. माझ्या लग्नात त्यांनी केकचा तुकडा उजेडात धरून आत किती अंडी आहेत ते बघितलं होतं. परवा, तिसऱ्या दिवशी, त्या आल्या नाहीत. हाल्वर नवा सदरा घालून खिडकीशी बसून होता. संध्याकाळची लाँच धक्क्याला लागली आणि सुटली, तिच्यातून कोणी उतरलं नाही. त्यानं खुंटीवरचा कप काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात घातला आणि खोकं दाराशी ठेवलं.

काल दुपारी आम्ही सगळे पोरांना घेऊन चर्चच्या सभागृहात नाताळच्या झाडाभोवती नाचायला गेलो. दरवर्षी त्या दिवशी जातो, हे वन्संना पक्कं माहीत. दाराला कुलूप इकडे कुणीच लावत नाही. परत आलो तर खोकं रिकामं, कागद नीट घडी करून ठेवलेला, आणि कप खुंटीला, धुतलेला, अजून ओला.

मी डबे उघडून पाहिले. लेफ्से जवळजवळ संपलेली. केक कडेपासून चमच्यानं खात आणलेला. ओटच्या वड्याही गेलेल्या, आणि काकवीची चांगली मूठभर कमी झालेली, पण मोरीच्या जाळीवर कॉफीत भिजलेल्या चुऱ्याचा लगदा अडकला होता. ताई, मी तो लगदा हातात घेऊन उभी राहिले. आमच्याकडे बिस्किटं कॉफीत बुडवून मऊ करायला लागतात ती फक्त म्हाताऱ्या माणसांना.

मग तुझं बोलणं आठवलं. त्या दंतवैद्याकडे तू कामाला आहेस, आणि गेल्या वर्षीच्या शरदात तू सहज बोलून गेली होतीस, की माझ्या या वन्सं येऊन सगळे दात एकदम काढून गेल्या, नवी कवळी बसत नव्हती, आणि तिकडच्या कोणाला कळू देऊ नका म्हणून विनवत होत्या. मी ऐकलं आणि विसरले. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातच मी त्यांच्यापुढे पाट्यांची बशी धरली होती. भावाच्या घरी, दहा माणसांत, तोंडातली कवळी सुटून हातात येण्यापेक्षा त्यांनी गर्विष्ठ म्हणवून घेणं पत्करलं. मी त्यांना वर्षभर तसं म्हणतही होते.

हाल्वरला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कपाकडे बघत त्यानं विचारलं, कोण आलं होतं? उंदीर असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, उंदीर कप धुऊन ठेवत नाही. आणि हसला. मग बाहेर जाऊन उगीचच लाकडं फोडत बसला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

तूही हे कुठे बोलू नकोस. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
आस्त्री

*

विकेन, २ जानेवारी १९५७

ती. तोरगुनवन्सं यांस,
नव्या वर्षाचा सा. न. वि. वि.

तुम्ही आला नाहीत. गुडघे, हवा, लाँच, तिघांपैकी कोण आडवं आलं ते विचारत नाही. सांगायचं एवढंच, की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चोर शिरला. चांदीचे चमचे होते तिथंच आहेत आणि नाताळचे डबे साफ! अशा भिकारड्या चवीचा चोर मी जन्मात पाहिला नाही. मार्जरीनमधलं खाऊन गेला, आणि वर कप विसळून ठेवला. हाल्वर म्हणतो त्याला पकडायचं नाही. परत आला तर दार उघडंच असेल.

दुसरी एक अडचण आहे, ती तुमच्यापाशी ठेवते. हाल्वरचे दात हल्ली त्रास देतात. कडक काही चावत नाही, आणि चारचौघांत ते सांगायची त्याला लाज वाटते. पुरुषाची जात, मरेल पण बोलणार नाही. म्हणून मी ठरवलंय, या घरात यापुढे नाताळचं सगळं मऊ होणार. काकवीच्या पाट्या बंद. त्यातूनही काही कडक निघालंच, तर सगळेजण कॉफीत बुडवून खातील, पोरांपासून सगळे. पहिलं मी बुडवीन, म्हणजे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

तेरा तारखेला, नाताळच्या विसाव्या दिवशी, झाड बाहेर काढतो आणि डबे झाडून संपवतो. लेफ्से नव्यानं करणार आहे. तुम्ही आलात तर नावं ठेवायला कोणी तरी जाणतं माणूस असेल. पाद्रीणबाईंच्या स्तुतीचा मला कंटाळा आलाय.

लोभ असावा, तिरका असला तरी.

आपली,
आस्त्री

*

नेस, ७ जानेवारी १९५७

चि. सौ. आस्त्री हिस,
तोरगुनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हाल्वरचे दात लहानपणापासून कच्चेच. काकवीची बरणी चाटायचा, आणि आई मला ओरडायची. त्याच्यासाठी मऊ करतेस ते बरोबर आहे, पण करायचं तर धड कर. लेफ्से तव्यावरून उतरली की लगेच ओल्या फडक्यात गुंडाळ, तू ती उघडी टाकतेस. मधली मऊ राहते पण कडा वाळतात, आणि अशा माणसाला त्रास होतो तो कडांचा. त्याला हे विचारायला जाऊ नकोस, नुसतं कर.

चोराचं म्हणशील तर त्याला जीभ नसावी. जीभ असती तर त्या ओटच्या वड्यांना हात लावला नसता, त्यांत मीठ घालायचं तू साफ विसरली आहेस. 'भिकारी' तेलकट. खार अजून जास्त. सफरचंदाच्या केकबद्दल काही लिहीत नाही. शिळा पाव आणि डागाळलेली फळं, त्यात लोण्याचा थेंब नाही, आणि तरी तो तसा कसा झाला, हे मला समजत नाही. न समजणाऱ्या गोष्टींवर मी बोलत नाही.

तेराला येते. हाल्वरला धक्क्यावर पाठव, फळ्यांवर बर्फ असतो आणि माझ्या हातात पिशवी असेल. पिशवीत काय आहे ते विचारायचं नाही, उघडल्यावर दिसेल. ते पावाला लावायचं आहे, तुझ्या केकात घालून वाया घालवायचं नाही. परतीच्या लाँचमध्ये त्यानं माझ्याबरोबर यायचं. माझी लाकडं खरं म्हणजे कोणी फोडत नाही. जाताना माझ्याकडे काही खाऊन जाईल, नाहीतर विसाव्या दिवशीसुद्धा नाताळ नेला म्हणून मी त्याला वर्षभर ऐकवीन.

कप आहे तिथंच राहू दे. खुंटी जरा खाली ठोक, माझा हात पुरत नाही. त्या दिवशी स्टूल घ्यावं लागलं असतं, कोणाला घ्यावं लागलं असतं तर.

लोभ असू द्यावा. मार्जरीनमधला असला तरी चालेल.

तुझी,
तोरगुन