छपरावरून उलटा गेलेला करंट

आबा, मागच्या मंगळवारी दुपारी आपल्या दारातल्या खांबावर एक माणूस माझ्यामुळे मरता मरता वाचला. टोकावड्याचा वायरमन तो, तुमच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला होता. आता त्याचेही केस पिकलेत, अजून कंत्राटावरच आहे, आणि मला अजून ताईच म्हणतो. फांदी पडून तार तुटली होती. ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज काढून, लाइन बंद करून तो वर चढला आणि तरीही त्याला झटका बसला. कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत राहिला, लोकांनी शिडी लावून उतरवला. तो करंट आपल्या घरातून गेला होता. हे फक्त मला माहीत आहे, आणि संशय भलत्यावरच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा छपरावर वीज तयार करणं ही श्रीमंतांची हौस होती. आता धसईच्या बाजारात भाजी विकायला आलेला माणूसही सोलरचा भाव विचारतो, इतकी ती पॅनेलं स्वस्त झालीत. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या पटांगणात मी त्यावर बोलले. तुमची मुलगी बोलायला उभी राहिली की कशी पेटते ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, आपल्या वस्तीत खांब सगळ्यात शेवटी आले, तारा सगळ्यात शेवटी आल्या, पण सूर्य गावात आधी आणि आपल्याकडे नंतर असा उगवत नाही. ज्याचं छप्पर त्याची वीज. गावात लाइट गेली तरी तुमच्या घरात दिवा जळेल. टाळ्या थांबेनात. पुढच्या दोन महिन्यांत निम्म्या वस्तीने पॅनेलं बसवली.

त्यातलं काय खरं होतं आणि काय नव्हतं, हे आता सांगते. माझं बिल खरंच उतरलं. माझ्या घरी फ्रिज आहे, पाण्याची मोटर आहे, शहापूरच्या शाळेचा पगार आहे. रोज आसनगावहून गाडी धरणाऱ्या, घरात वॉशिंग मशीन असलेल्या नोकरदारांनाही हा व्यवहार परवडतो, आजही मी तो त्यांना छाती ठोकून सांगेन. पण मी माझं बिल दाखवून बोलले ते दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घरांसमोर. त्यांचं बिल मुळात एवढंसं. त्यात वाचणार किती, आणि घातलेले पैसे फिटणार कधी? शिवाय आपल्याकडचा पाऊस तुम्ही पाहिलाय, आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि दिवा जळण्याचं म्हणाल, तर त्या स्वस्त सेटला बॅटरीच नसते. लाइट गेली की तोही बंद पडतो. बॅटरी घेतली तर स्वस्ताई तिथेच संपते, आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागते. मी हे विचारलं नव्हतं. मी नुसती बोलले होते.

जूनमध्ये लाइट जायला लागली तशी शेजारची मावशी ओट्यावर येऊन बसली. "गो बाय, तुजा सूर्य बोर्डाच्या नोकरीला लागला का? लाइट गेली का तो पन घरी जातो." सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. मग ती हळूच म्हणाली, "आधी बिल भरीत होते, आता हप्ता भरते. काय फरक पडला गो?" पॅनेलं बसवणाऱ्याला मी फोनवर जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लाइट गेल्यावर ते बंद पडलंच पाहिजे. नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला करंट लागेल." वायरमनची मुलगी मी, आबा. मला हे दुसऱ्याने सांगावं लागलं.

तरीही मी ऐकलं नाही. भाषण करणारीच्या घरात अंधार, हे मला सोसेना. मुरबाडहून एक इलेक्ट्रिशियन आणला, एक जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली, आणि ते थेट घराच्या वायरिंगला जोडून घेतलं. तो म्हणाला, "ताई, मेन स्विच पाडल्याशिवाय हे चालू करू नका. इसरलात तर कोनाचा तरी जीव जाईल. चेंजओव्हर टाकू का, म्हंजे कालजीच नको?" चेंजओव्हर म्हणजे एक साधा खटका, घराची वीज आणि बाहेरची लाइन एकमेकींना भेटू न देणारा. मी म्हटलं, नंतर बघू. स्वस्तात होतं असं गावभर सांगितलं होतं ना. त्या स्वस्ताईतून नेमकं काय वगळलंय ते मला कळत होतं. ते वगळल्याचा धोका खांबावरच्या माणसाला, हेही कळत होतं.

मंगळवारी मी आणखी एका भाषणाचीच टिपणं काढत बसले होते. लाइट गेली, घाम सुटला. मेन बाहेर ओट्यावर, तिथे पावसाची झड येत होती. मी उठले नाही, नुसतं इन्व्हर्टरचं बटण दाबलं. पंखा फिरू लागला. थोड्या वेळाने बाहेर आरडाओरडा झाला.

खाली उतरवल्यावर तो आपल्याच ओट्यावर बसला होता. मी पाणी दिलं. म्हणाला, "आबांनी उलटा हात लावायला शिकवला नस्ता ना ताई, तर आज तुमच्या दारात पडलो अस्तो. सरळ हात तार धरून ठेवतो." मला तुम्ही दिसता. स्वयंपाकघरात चहाचं भांडं असो, बोर्डाचं बटण असो, माझं तापलेलं कपाळ असो, तुम्ही आधी हाताची पाठ लावता. आई वैतागते, "घरात पन वायरमन का हो?" तुम्ही म्हणता, "सवय मोडली का मानूस मोडला."

आणि वक्तृत्वात पहिली आले तो दिवस. व्यासपीठावरून मी म्हणाले होते, माझे वडील जिवावर उदार होऊन खांबावर चढतात. ढाल घेऊन घरी आले तर तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "जिवावर उदार होनारा वायरमन मला हेल्पर म्हनून पन नको. मी जीव धरून चडतो. टाळ्यांसाठी माजा जीव कशाला उधळतेस पोरी?" मी रागाने जेवले नव्हते.

तुटलेल्या तारेच्या पुढे, आपली लाइन जिथे संपते तिथे, दोनच जोडण्या, आपलं घर आणि पिठाची गिरणी; करंट आला तो यांतल्या एकीकडूनच. त्या वेळी गिरणीचा जनरेटर धडधडत होता. सगळ्यांनी ऐकला, माझा इन्व्हर्टर कुणाला ऐकू येणार? गिरणीवाला बिचारा शपथा घेतो, "माज्याकडं चेंजओव्हर हाय, येऊन बघा!" कुणी बघायला तयार नाही. दळण घेऊन कुणी जात नाही. उद्या ग्रामपंचायतीत बैठक आहे, त्याची जोडणी तोडा अशी मागणी येणार. आणि टोकावड्याचा तो स्वतः येऊन मला म्हणाला, "ताई, तुमीच बोला. तुमचं कोन टाळनार नाय."

काल मी माझ्या इन्व्हर्टरची ती जोडणी काढून घेतली. पुन्हा कुणाला झटका बसू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. उद्यासाठी दोन भाषणं लिहून ठेवलीत. एकात मी सगळं कबूल करते, स्वस्त सोलरचं आणि त्या बटणाचंही. ते चार ओळींत संपतं, आणि मोठ्याने वाचायला घेतलं की दर वेळी मी कागद खाली ठेवते. दुसऱ्यात मी कुणाचं नाव घेत नाही. खांबावरच्या माणसाच्या जिवाबद्दल बोलते, बेफिकीर घरमालकांबद्दल बोलते, आणि लोक आपोआप गिरणीकडे बघतील. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. ते दुसरं, आबा, फार चांगलं झालंय.