हुरडा न खाणारी गल्ली

माय, परवा मी आपल्या गावी जाऊन आले. तू गेल्यावर घर पडलं, जागा विकली, मग जायचं कारणच उरलं नव्हतं. लातुरात शाळेची नोकरी झाली, लेकरं इथंच वाढली, आता पेन्शन घेत गुडघे धरून बसते. पण गावाकडून फोन आला. वेशीत नवी कमान बांधलीय, शेजारी हुतात्म्यांचा दगड बसवलाय, त्यावर तुमच्या मामाचं नाव आहे, शहिदाची भाची म्हणून सत्काराला या. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा दिवसभर विचार केला. शेवटी मामाचं नाव कोरलेलं एकदा बघावं, एवढ्यासाठी देगलूरच्या गाडीत बसले.

आपण तुझ्या माहेरीच राहिलो, पण मामाला मी पाहिलेलं नाही. मला आठवतो तो आपल्या चुलीचा कोपरा. मी लहान आहे, खालच्या आळीतल्या पोरी शेतातून हुरडा खाऊन आल्यात, त्यातला ओंजळभर मी परकराच्या ओच्यात घरी आणलाय. तू भाकरी थापतेयस. मी तो तुझ्यापुढं ठेवते आणि तुझा पिठाचा हात माझ्या गालावर बसतो. त्याआधी तू मला कधी मारलं नव्हतंस. मग तू हुरडा चुलीत टाकलास, त्याचा गोड वास घरभर झाला, आणि तू तोंडाला पदर लावून बसून राहिलीस. तव्यावरची भाकरी करपली. "ह्याला तुझ्या मामाचं रगत लागलंय," तू म्हणालीस. "आपल्या गल्लीत कुनी खात न्हाई. तू बी खायाचा न्हाई."

पुढं तू ते तुकड्या-तुकड्यानं सांगितलंस, कधी दळताना, कधी माझी वेणी घालताना. निजामाच्या राज्यात आपलं गाव गढीवरच्या जहागीरदाराचं. रब्बीची पेरणी आली की आधी गढीचं रान. माणसं वेठीला, बैलं वेठीला. आज्याची देवणी बैलजोडी परत येईपर्यंत आपल्या रानातली ओल उडालेली असायची आणि वाळल्या मातीत टाकलेलं बी तसंच राहायचं. एका वर्षी गल्लीनं ठरवलं, यंदा आधी आपलं. पहिल्यांदा बोलला तो मामा, मिसरूड नुकतं फुटलेला. गढीवरून बोलावणं आलं, कुणी गेलं नाही. पुन्हा आलं, तरी नाही. सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या रानात तिफणी चालवल्या. त्या वर्षाबद्दल सांगताना तुझा आवाजच वेगळा व्हायचा. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती म्हणायचीस, आणि एवढीशी असून तू गोफण घेऊन माळ्यावर राखणीला बसायचीस.

कणसं हुरड्यात आली तेव्हा गढीची माणसं घोड्यांवरून आली आणि त्यांनी गावातली सगळी जनावरं उभ्या ज्वारीत घातली. बाप्ये काठ्या घेऊन धावले, बाया गोफणी घेऊन. त्यांच्याकडं बंदुका होत्या. मामा बांधावर पडला. तू त्याच्याजवळ पोचलीस तेव्हा त्याच्या पटक्याच्या सोग्यात तुझ्यासाठी भाजून बांधलेला हुरडा होता, तांबडा झालेला. नंतर सरकारचे शिपाई आले, ते गढीच्याच बाजूनं. पुढच्या पेरणीला आजा बैलं घेऊन गढीच्या रानात गेला. ज्यांनी पोटचं पोर मारलं त्यांचं रान त्यानं पेरलं, आणि तू गढीत दळण दळायला लागलीस. आजा का गेला, असं मी मोठी झाल्यावर तुला एकदा विचारलं होतं. "मागं आमी लेकरं होतो, बाई," एवढंच म्हणालीस. पुढं राज्य बदललं, निजाम गेला, गढीवाल्यांनी टोप्या बदलल्या. आपल्या गल्लीकडं राहिलं काय, तर हुरडा न खाणं.

परवा बघितलं. कमानीवर जहागीरदाराचं नाव, त्याखाली 'शेतकऱ्यांचे कैवारी'. दगडावर मामाचं नाव आहे, पण पहिल्या ओळीत 'प्रेरणास्थान' म्हणून पुन्हा जहागीरदाराचंच. मांडवामागं आगट्या पेटवून पाहुण्यांसाठी हुरडा भाजत होते. आपल्या गल्लीतली पोरं शेंगदाण्याच्या चटणीसंगं तो खात होती. त्यातल्या एकाला मी जवळ बोलावून विचारलं, बाबा, आपल्या गल्लीत हुरडा खात नव्हते, तुला ठाऊक आहे का?

"हाव, आज्जी सांगायची," तो म्हणाला. "कायतरी देवाचं होतं म्हनं."

जहागीरदाराचा नातू आता तालुक्याचा पुढारी आहे. त्यानं मला मंचावर बोलावलं, खुर्ची दिली, दोन शब्द बोला म्हणाला. मी माइक धरला. आणि बोलले. "माझ्या मामाला गढीच्या माणसांनी गोळी घातली. ज्यांचं नाव कमानीवर आहे, त्यांच्या हुकमानं." मला वाटलं, आता माइक हिसकावतील, खाली उतरवतील. मी त्याची तयारी करूनच उभी होते. तसं काही झालं नाही. तो सावकाश उठून आला, माझ्या हातातून हळूच माइक घेतला आणि म्हणाला, मावशी खरं बोलल्या. त्या काळात लई चुका झाल्या, त्या पोराचं दुःख आमच्या आजोबांना मरेपर्यंत होतं, म्हणूनच त्यांनी पुढचं सगळं आयुष्य शेतकऱ्यांसाठी घातलं. "आज दोन्ही घरं एक झाली," तो म्हणाला. टाळ्या काही थांबेनात. मग त्यानं मला शाल घातली, नारळ दिला, वाकून पाया पडला. आपल्या गल्लीतल्या बायांच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटो निघत होते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो लेकाच्या फोनवर आला. छान आलाय म्हणाला. मी त्याला समजवायला गेले, तर म्हणतो, आई, सगळ्यांपुढं चूक कबूल केली की त्यांनी, आता आणखी काय पाहिजे तुला? मला सांगता आलं नाही, माय. अजूनही येत नाही. आजोबांचं दुःखच त्यानं सांगितलं, हुकमाचं काहीच बोलला नाही, एवढं कळतं. पण त्याच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. माझं खरं मीच माइकवरून त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते आपल्या कमानीला लावून टाकलं. तुमच्यापुढं निदान घोडी होती, बंदुका होत्या. दगड कुणावर फेकायचा ते तुम्हाला दिसत तरी होतं.

हे तुला पाठवायचं कुठं, म्हणून घडी करून उशीखाली ठेवणार आहे. एक मात्र लेकालाही सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नव्हते. तो पाया पडायला वाकला तेव्हा माझा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला, आणि तोंडातून निघून गेलं, "औक्षवंत व्हा, मालक."