नोलाच्या वजनाची जागा

क्वोर्न,
१४ मे

प्रिय नोला,

तू बरी आहेस आणि तुझा गुडघा मेच्या या थंडीत फार कुरकुरत नाही, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. पाऊस नाही, आणि काकाकुव्यांनी माझी डाळिंबं फस्त केली. दोन वर्षांनी लिहितेय, म्हणून बातम्यांपासूनच सुरुवात करते.

तुझ्या भावाने पिकअप सिम्पसनच्या वाळवंटात न्यायला तयार केलीय. सगळ्या लाल वाळूच्या टेकड्या ओलांडायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हाळ्यापासून रेगचा मुक्काम शेडमध्येच आहे. मागच्या हौद्यावर त्याने अ‍ॅल्युमिनियमची पेटी बसवली, आत खण केले, पाण्याची टाकी खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे घेतली. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसात एवढी चिकाटी असेल असं मला वाटलं नव्हतं. नुसत्या बोटांनी चाचपून सांगतो, हा बोल्ट एक आटा सैल आहे. आणि असतोच.

वजनाचं तर त्याने वेडच घेतलंय. गेल्या वर्षी शेजाऱ्याने गाडीत अख्खं घर भरलं आणि तिसऱ्याच टेकडीवर गाडीचा सांगाडा वाकवून परत आला. तेव्हापासून आमच्याकडे लोकरीचे गठ्ठे तोलायच्या जुन्या काट्यावर ठेवल्याशिवाय काहीच गाडीत चढत नाही. दुसरा जॅक गेला. पुढचा लोखंडी गार्ड काढून हलका बसवला. माझी खुर्ची गेली. मग तो माझ्या बिडाच्या भांड्याकडे वळला.

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पाव कशात भाजू, तुझ्या टोपीत?"

"टोपी हलकी आहे," तो म्हणाला.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

शनिवारी गाडी गावातल्या वजनकाट्यावर नेली. मीच चालवली. आपल्याकडचे लोक टाक्या रिकाम्या ठेवून, स्वतः खाली उतरून गाडी तोलतात आणि खूश होऊन घरी जातात, तुला ठाऊकच आहे. रेगने टाक्या काठोकाठ भरल्या, मला आत बसवलं, स्वतः बसला. आणि त्याआधीच मागच्या सीटवर गव्हाची दोन लहान पोती ठेवून त्यांना पट्टा बांधला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"वजन."

"कोणाचं?"

"असू दे ग."

काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावला. "रेग, तुझे पाहुणे फारच गप्प आहेत रे."

"बोलायला लागले की कळेल तुला," रेग म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असं तो आयुष्यात एकाच माणसाबद्दल बोलत आलाय.

आता टाळत होते ते लिहिते. डोळ्यांच्या डॉक्टरने त्याची गाडी चालवणं बंद केलंय. कडेचं दिसतं, पण समोरचं पुसट होत चाललंय. पुढच्या वर्षी त्या टेकड्यांचा लाल रंग त्याला दिसेल की नाही, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. जायचं तर याच हिवाळ्यात. आणि मी वाळूत पहिल्याच चढाला गाडी रुतवीन.

तुझ्या बर्टला पुरून आल्यावर, चहाचा कप हातात असताना, 'आता या वयात गाडीच्या चाव्या ठेवून दे' असं तुला कोण म्हणालं ते मी विसरले नाही. बर्टबरोबर जन्मभर वाळवंटं पालथी घातलेल्या बाईला! तू त्याला दार दाखवलंस ते योग्यच केलंस. आता त्याच्याच चाव्या गेल्या आहेत, आणि स्वतःचे ते शब्द त्याला रोज टोचतात. पण विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून हा हट्टी माणूस महिनोन्‌महिने एकेक नटबोल्ट हलका करत तुझ्यापुरतं वजन वाचवत बसला. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला.

पोती मागच्या सीटवर होती, ती मनावर घेऊ नकोस. मागे मी बसेन. पुढची, स्टिअरिंगसमोरची जागा तुझी.

दोन्ही पोती मिळून तुझ्या दोन वर्षांपूर्वीच्या वजनाची आहेत. आताचं कळव. जास्त भरलीस तर तो वरची ताडपत्रीची चौकट काढेल म्हणतो. म्हणजे म्हणत नाही, पण काल तिचे स्क्रू ढिले करून ठेवलेत.

माझं बिडाचं भांडं व्हरांड्यात आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी, तुझ्या जागी मी ते चढवणार नाही.

डांबरी रस्ता संपेपर्यंतच गाडी चालवता येणारी,
तुझी वहिनी
मर्ल