बेचाळीस मुलं, दोन-दोन मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी शाळेचा संवादप्रमुख! हेडबाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. धडे आता टॅब शिकवणार, गृहपाठ टॅब तपासणार, हजेरी वर्गाच्या दारातला कॅमेरा घेणार. वाचलेल्या वेळात शिक्षकाने प्रत्येक मुलाशी रोज दोन मिनिटं बोलायचं. माणसाची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असं मी जागेवरूनच म्हणालो. टाळ्या पडल्या. चोवीस वर्षं भूगोल शिकवतोय, टाळ्या पहिल्यांदाच.

संकल्प: नववी ‘ब’च्या बेचाळीसही मुलांशी रोज मनमोकळं बोलणे.

३ फेब्रुवारी
बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी मिनिटं. तास चाळीस मिनिटांचा. हे बाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
तरी तिघांशी बोललो. पहिल्याला विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, बरं. दुसराही म्हणाला, बरं. तिसरीने माझं काय चुकलं सर, असं विचारलं आणि रडायलाच लागली. आजकालच्या मुलांना संवादाची सवयच नाही.

५ फेब्रुवारी
आधी आराखडा, मग संवाद. उगाच उतावळेपणा नको. चौदा पानं झाली. मुखपृष्ठावर एकमेकांत गुंफलेले दोन हात काढले. बोटं अकरा झाली, पुन्हा काढली. त्यात दोन तास गेले, पण वर्ग टॅबमध्ये डोकं घालून अगदी शांत होता. प्रगती आहे.
जेवताना बायकोने काहीतरी तीनदा विचारलं म्हणे. तिला सांगितलं, संवादाचं काम चालू आहे, मध्ये बोलू नको.

९ फेब्रुवारी
सापडलं! टॅबमध्ये ‘आपुलकी’ नावाची सोय आहे. एकदा बटण दाबलं की रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक मुलाला माझ्या नावाने मेसेज जातो. नमुना वाचला: ‘तू असलीस की वर्गाला शोभा येते. आज तुझी आठवण झाली.’ वाचून माझेच डोळे पाणावले. मलाही हे सुचलं असतं, पण वेळ कुठे आहे?
बटण दाबलं. हमाली यंत्राची, भावना माझी.

१३ फेब्रुवारी
मुलांची उत्तरं येताहेत. सवडीने वाचीन. तूर्त टॅब काढून देतो तो उत्तरांचा आलेख पुरे, त्यात सगळं कळतं. बाकीचे नुसता अंगठा पाठवून मोकळे होतात, पण हजेरी क्रमांक एकोणतीस अव्वल! रोज उत्तर, तेही लांबलचक. एकोणतीस म्हणजे खिडकीजवळची ती मुलगी असणार. काही नाती नावागावापलीकडची असतात.

१८ फेब्रुवारी
चोवीस तारखेला आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार. वक्ता मी. विषय ‘यंत्राच्या युगात माणूस’. भाषण यंत्राकडून लिहून घेतलं, फक्त कच्चा खर्डा म्हणून. बदलण्यासारखं काही सापडलं नाही.
खिडकीजवळच्या मुलीकडे बघून खास हसलो. तिने मागे वळून पाहिलं.

संकल्प: रविवारी सगळी उत्तरं वाचणे.

२२ फेब्रुवारी, रविवार
भाषणाच्या शर्टाला इस्त्री केली. उत्तरं राहिली.

२४ फेब्रुवारी, दुपार
भाषण रंगलं होतं. पडद्यावर आलेख, समोर साठ शिक्षक, पुढे सतरंजीवर आमचा वर्ग. एकोणतीसच्या उंच रेघेवर बोट ठेवून म्हणालो, ही माझी सगळ्यात जवळची विद्यार्थिनी. बाई खूश. म्हणाल्या, मग बोलवा की तिला वर.
मी खिडकीवालीला हात केला. ती उठून म्हणाली की तिचा नंबर चौदा आहे.
दारात चहाचा ट्रे घेऊन शिपाई मावशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, एकोणतीस कशी येणार सर, जिन्यावरून पडून पाय मोडलाय तिचा, तीन आठवडे घरीच आहे, वह्या मीच पोचवते.
कॅमेऱ्याने रोज तिची गैरहजेरी लावली होती. तो रकाना मी बघत नाही. तांत्रिक अडचण आहे, असं सांगून खाली बसलो. कोणीतरी खोकलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
उत्तरं उघडली. एकोणतीसची पंधरा.
पहिलं: ‘सर, तुम्हाला खरंच माझी आठवण येते? मला वाटलं, मी नाही हे कुणाला कळलंच नसेल.’
सहावं: ‘आई दिवसभर कामावर असते. मी सहा वाजायची वाट बघते.’
नववं: ‘आज खूप दुखलं पण रडले नाही. तुम्हाला सांगायचं होतं.’
पंधरावं: ‘मी विचारलेल्याचं तुम्ही काहीच सांगत नाही, पण तुम्हाला कामं असतील. रोज लिहिता हेच खूप आहे.’
लाज वाटली. फार वाटली.
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग फोन करा ना तिला. हातात घेतला. काय बोलायचं, त्याचा नमुना नव्हता. खाली ठेवला.

२५ फेब्रुवारी
‘आपुलकी’ बंद केली. हजेरी तोंडी घेतली, नऊ मिनिटं लागली. चौदा नंबरला चष्मा आहे. एकोणतीसला सगळा वर्ग एका सुरात ओरडला, गैरहजर! सगळ्यांना माहीत होतं.
संध्याकाळी स्वतः लिहायला बसलो. सात वेळा खोडलं. सहाला पाठवलं: ‘पाय कसा आहे? अजून दुखतो का? मला माहीतच नव्हतं. चुकलं माझं.’
शब्द न् शब्द माझा.

सहा वाजून चार मिनिटं
उत्तर आलं: ‘तुम्ही कोण? आमचे सर असं लिहीत नाहीत. ते खूप प्रेमाने लिहितात. त्यांचा फोन त्यांना परत द्या. ते माझी काळजी करत असतील.’
बायकोने विचारलं, कुणाचा मेसेज?
राँग नंबर, म्हणालो.